डवऱ्याच्या दांडीतली सळई: यवतमाळ जिल्ह्यातलं एक पेटंट प्रकरण

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, रस्त्याकडेच्या वेल्डिंग शेडमध्ये बसलो होतो. बाहेर पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत होती. शेडच्या मालकाला सगळं गाव दादा म्हणतं, मीही इथे तेच म्हणेन. त्यांचा अर्ज प्रलंबित आहे, म्हणून नाव आणि गाव लिहीत नाही. दादा आणि त्यांची बायको, म्हणजे वहिनी, दोघांना विचारूनच हे लिहितो आहे. यंत्राची मापं गाळली आहेत, कारण काही गोष्टी अजून अर्जात जायच्या आहेत.

मी वकील नाही आणि पेटंट एजंटही नाही. शेती अवजारं हा माझा शिकवण्याचा विषय. नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथे थोडं शिकलो. तेव्हापासून आसपासचे कारागीर कागद घेऊन येतात आणि मी ते वाचून देतो.

दादांनी निरोप पाठवला तो वेगळ्याच कारणासाठी. डवरा म्हणजे उभ्या पिकातलं तण काढायला बैलांनी ओढायचं अवजार. त्यांच्या डवऱ्याची नक्कल शेजारच्या तालुक्यात कोणीतरी विकत होतं आणि त्यांना ती थांबवायची होती.

"सर, पेटंट त आपल्यापाशी हाये. हे पाहा ना."

भिंतीवर काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र होतं, अशोकस्तंभाचं चिन्ह असलेलं. डवऱ्याच्या खतपेटीवरही लाल रंगात 'पेटंट' असं रंगवलेलं. मी कागद खाली काढून वाचला. ते डिझाइन नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. शहरातल्या एका माणसाने दादांकडून पैसे घेऊन दोन वर्षांपूर्वी ते करून दिलं होतं आणि पेटंट म्हणूनच हातात ठेवलं होतं.

डिझाइनचा कायदा २००० सालचा आणि वेगळा आहे. वस्तू डोळ्यांना कशी दिसते, म्हणजे तिचा आकार, ठेवण, नक्षी, एवढंच तो राखतो. मुदत दहा वर्षं, पुढे पाच वर्षं वाढवता येते. यंत्र काम कसं करतं याच्याशी त्याचा संबंध नाही. नक्कल करणाऱ्याने पेटी चौकोनीऐवजी गोल केली की या कागदाचा आधार फार उरत नाही. दादा बराच वेळ त्या चौकटीकडे पाहत राहिले. त्या माणसाचा मला फार राग आला, आजही येतो. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्या भिंतीवर चुकीच्या नावाने कागद टांगून कोणी निघून जातं, आणि दोन वर्षं कोणी त्याला सांगतही नाही.

पहिलं काम त्याच दिवशी केलं. खतपेटीवरचा 'पेटंट' हा शब्द घासून काढला. पेटंट नसताना वस्तूवर तसं लिहिणं पेटंट कायद्याच्या कलम १२० खाली येतं आणि आता त्याचा दंड दहा लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

यंत्र काय आहे

कपाशीत डवरणीच्या वेळी खत द्यायचं म्हणजे एक माणूस बैल हाकतो आणि मागून बाया घमेल्यातून झाडाच्या बुडाशी युरिया टाकत वाकून चालतात. दादांनी तीन वर्षांपूर्वी डवऱ्यावर पत्र्याची खतपेटी बसवली, तिला एक चाक जोडलं. चाक फिरलं की पेटीतून नळीवाटे खत पडतं. असे अकरा डवरे त्यांनी विकले. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनातही ठेवला होता.

तक्रारी दोन आल्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला, बैल वळवताना डवरा उचलला तरी चाक थोडं फिरत राहायचं आणि तिथे खताचा ढीग पडून झाडं करपायची. आणि पावसाळी हवेत युरिया पाणी धरतो, त्याच्या गुठळ्या होऊन पेटीचं तोंड बंद व्हायचं. माणूस दहा पावलं चालून थांबणार, काडीने तोंड मोकळं करणार, पुन्हा चालणार.

मी गेलो त्याच खरिपात दादांनी दुसरा डवरा केला होता. त्यात चाकच नाही. पास, म्हणजे मातीत चालून तण कापणारं पातं, दांडीला घट्ट न बसवता बिजागरीवर बसवली आणि मागे स्प्रिंग लावली. पास मातीत गेली की मातीच्या अडसराने किंचित मागे ढकलली जाते. पोकळ दांडीतून गेलेली एक सळई त्या ढकलण्याने ओढली जाते आणि खतपेटीची झडप उघडते. डवरा उचलला की मातीचा जोर संपतो, स्प्रिंग पास पुढे आणते, झडप बंद. शिवाय जमीन कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत, त्यामुळे पास सतत थोडी मागेपुढे होते आणि झडपेलाही बारीक हिसके बसत राहतात. त्या हिसक्यांनी गुठळ्या फुटतात.

दादांनी मला हा डवरा दाखवला तो सगळ्यात शेवटी, जाता जाता. त्यांच्या मते तो जुन्याचीच दुरुस्ती होती.

कायदा काय विचारतो

१९७० च्या पेटंट कायद्यात शोधाची व्याख्या कलम २ मध्ये आहे. वस्तू किंवा प्रक्रिया नवीन हवी, तिच्यात शोधक पायरी हवी, म्हणजे ती जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी, आणि ती उद्योगात करता किंवा वापरता यायला हवी. शेतीचं अवजार कारखान्यात बनतं, म्हणून तिसरी अट इथे सहज पुरी होते. पण या तिन्ही पुऱ्या करूनही वस्तू कलम ३ च्या यादीत बसत असेल तर पेटंट नाही. त्या यादीतल्या गोष्टी कायद्याने 'शोध' मानलेल्याच नाहीत.

दादांची स्वतःची यादी लांब होती. निंबोळी पेंड, गोमूत्र आणि युरिया यांचं त्यांचं एक मिश्रण होतं. नुसतं मिश्रण, ज्यात घटकांचे गुण फक्त एकत्र येतात, ते कलम ३(ई) खाली बाद. आणि निंबोळी-गोमूत्राचा वापर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, म्हणून ३(पी), म्हणजे पारंपरिक ज्ञान, हाही अडसर. जखम भरायला हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेलं पेटंट आपल्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, १९९७ मध्ये रद्द करवून घेतलं, ते याच मुद्द्यावर: हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. परक्याला आपण जे नाकारलं ते आपल्याच माणसालाही मिळू शकत नाही, आणि हे मला योग्य वाटतं.

कितव्या दिवशी किती खत द्यायचं ही त्यांची पद्धत ३(एच) मध्ये गेली, शेतीची पद्धत म्हणून. एकरी खत मोजणारं मुलीने केलेलं मोबाइल ॲप ३(के) मध्ये. ती पॉलिटेक्निकला आहे, तिला वाईट वाटलं. पण नुसता हिशेब करणारा प्रोग्राम पेटंटला पात्र नाही, एवढंच तिला सांगता आलं. प्रोग्रामच्या मजकुरावर तिचा कॉपीराइट आपोआपच असतो.

मग दादांनी विचारलं, "खोब्रागडेंच्या धानाले पेटंट भेटलं होतं काय?" विदर्भात हा प्रश्न येतोच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून एचएमटी हे धान तयार केलं. घड्याळाच्या नावावरून पडलेलं ते नाव देशभर गेलं. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या हाती पैसा नव्हता, ही गोष्ट इथल्या प्रत्येक कारागिराला ठाऊक आहे. पण बियाणं, वाण, वनस्पती यांना ३(जे) नुसार पेटंट नाही. त्यांच्यासाठी २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे आणि त्यात शेतकऱ्याने निवडलेला वाण त्याच्या नावाने नोंदवता येतो. कोणत्या गोष्टीला कोणता कायदा लागतो, हे गावात सांगणारं कोणी नसणं हीच माझ्या मते मोठी अडचण आहे. दादांच्या भिंतीवरचा कागद हे त्याचंच उदाहरण.

पहिला डवरा गेला

हे सांगणं मला सगळ्यात जड गेलं. पहिला, चाकाचा डवरा दोन कारणांनी बाद होता.

एक, तो नवीन राहिला नव्हता. अर्जाच्या तारखेआधी वस्तू विकली किंवा लोकांसमोर उघडपणे वापरली की नवेपणा संपतो, मग ती विकणारा स्वतः शोधक असला तरी. कलम ३१ मध्ये प्रदर्शनाबद्दल बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनापुरती. तालुक्याचं कृषी प्रदर्शन त्यात येत नाही. आणि डिझाइन नोंदणीत त्याचं चित्र सरकारी दप्तरी प्रसिद्धही झालेलं होतं.

"अकरा डवरे इकले म्या. लोकायचं काम झालं. त्यात चूक काय झाली?"

चूक काहीच नव्हती. चांगला कारागीर वस्तू करतो आणि लोकांना देतो, त्याचा स्वभावच तो. कायदा मात्र उलट्या क्रमाची अपेक्षा धरतो: आधी अर्ज, मग बाजार.

दुसरं कारण ३(एफ). ओळखीची साधनं नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोध नाही. डवरा निंदण करतो, पेटी खत टाकते. पेटी काढली तरी डवरा तसाच चालतो, डवरा काढून पेटी हातगाडीवर बसवली तरी ती तशीच चालते. दोन यंत्रं शेजारी शेजारी बसली, एवढंच.

हे समजावत असतानाच माझं लक्ष दुसऱ्या डवऱ्याकडे गेलं. तिथे पास हेच झडपेचं चालक होतं. पास काढली तर पेटी मुकी. पास फक्त तण कापत नव्हती, माती लागली की नाही हे ओळखत होती आणि गुठळ्याही फोडत होती. दोन भाग एकमेकांवर अवलंबून होते आणि दोघांनी मिळून असं काम केलं होतं जे सुटं सुटं होत नाही.

सळई नवी आहे का

पुढचे दोन आठवडे दादांची मुलगी आणि मी शोधात घालवले. भारतीय पेटंटांचा सरकारी शोध-संच इंटरनेटवर फुकट आहे. मशागतीच्या अवजारांचा आंतरराष्ट्रीय वर्ग ए०१बी आणि पेरणी-खताचा ए०१सी. मुलगी रोज रात्री पाच-सहा कागद वाचायची आणि वहीत तारीख टाकून नोंद करायची. चाकावर चालणारी खतयंत्रं पुष्कळ निघाली. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रातही चाक जमिनीवरून उचललं की खत थांबतं, म्हणजे 'उचललं की बंद' ही कल्पना जुनीच. पण पात्यावरच्या मातीच्या जोराने झडप उघडणारं आणि त्याच हालचालीने गुठळ्या फोडणारं आम्ही वाचलेल्यात सापडलं नाही.

नवेपणाला आणखी एक धोका होता. दादांनी तो डवरा जुलैत स्वतःच्या आणि मेव्हण्याच्या शेतात चालवला होता, आणि शेजारच्या पोराने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता. आम्ही तिघांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. बैल, कपाशी, डवरा, दादांची पाठ. सळई दांडीच्या पोकळ पाइपात होती, बिजागरी चिखलात. बघणाऱ्याला त्यातून जोडणी कळण्यासारखी नव्हती. शेतातल्या चाचणीबद्दल कलम ३२ आहे: यंत्राच्या स्वरूपामुळे चाचणी उघड्यावर घेणं भागच असेल, ती फक्त वाजवी चाचणी असेल आणि अर्जाआधीच्या वर्षभरातली असेल, तर तिने नवेपणा जात नाही. डवरा बंद खोलीत कसा चालवणार? धोका पूर्ण टळला असं मी दादांना सांगितलं नाही. आणखी एकही माणूस बघायच्या आत अर्ज टाकू, एवढं सांगितलं.

शोधक पायरी

इथे सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल दादांना ऐकवला, कारण तो कारागिरांचाच आहे. भांडी घासून गुळगुळीत करण्यासाठी लेथवर ती धरून ठेवण्याच्या एका युक्तीवर पेटंट होतं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात ते टिकलं नाही. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या वस्तूतली सुधारणा ही नेहमीच्या कारागिरीतल्या फेरफाराहून अधिक काही असली पाहिजे. त्या धंद्यातल्या सामान्य जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसावी.

म्हणजे प्रश्न असा: दुसऱ्या एखाद्या वेल्डरला ढिगाची तक्रार सांगितली असती तर त्याने काय केलं असतं? याचं उत्तर दादांच्या भंगारातच होतं. त्यांनी स्वतः आधी रुमण्यावर, म्हणजे डवऱ्याच्या मुठीवर, सायकलचा ब्रेक बसवून पाहिला होता, दाबला की झडप बंद. ते चाललं नाही, कारण एक हात रुमण्यावर, दुसऱ्यात कासरा, ब्रेक दाबायला हात कुठला? आणि गुठळ्या तशाच. सहज सुचणारा रस्ता हाताने दाबायच्या दांड्याचा होता आणि तो फसला होता. तो गंजका ब्रेक मी त्यांना जपून ठेवायला सांगितला.

पेटंट कार्यालयाचा तपासणीस याउलटही म्हणू शकतो. स्प्रिंग जुनी, बिजागरी जुनी, मातीचा जोर सगळ्यांना माहीत. हा आक्षेप येईल असं धरूनच आम्ही लिहिलं. माझं मत विचाराल तर पायरी आहे, पण ती उंच नाही. काही देशांत अशा लहान सुधारणांसाठी कमी मुदतीचं, सोप्या कसोटीचं 'छोटं पेटंट' असतं, जर्मनीत आणि चीनमध्ये आहे. आपल्याकडे नाही. गावच्या शेडमधला बहुतेक शोध त्याच उंचीचा असतो, आणि त्याला पूर्ण पेटंटच्या चाळणीतून जावं लागतं. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हिसका कोणाचा

अर्जात शोधकाचं नाव लिहायचं होतं. मी नेहमीसारखं विचारलं, ही कल्पना कशी सुचली, पहिल्यापासून सांगा. दादा म्हणाले, ब्रेक फसल्यावर स्प्रिंगची पास केली ढिगासाठी. पण तेव्हा झडप एकदा उघडली की उघडीच राहावी म्हणून त्यांनी सळईला खाच दिली होती, म्हणजे हिसके झडपेपर्यंत पोचतच नव्हते. मग खाच का काढली?

चहा घेऊन आलेल्या वहिनी दारात थांबल्या. "म्या मांगं चालत होती. पास गोट्याले लागली का खत भसकन् मोकळं होये. म्या त फक्त म्हनलं, हा हिसका सारखा भेटला त खत अडनार नाही."

नुसती अडचण दाखवणारा शोधक ठरत नाही. नुसती सळई कापून देणाराही नाही. पण वहिनींनी उपाय सांगितला होता, आणि तोच आमच्या मुख्य दाव्याचा, म्हणजे अर्जात नेमका कशावर हक्क मागतो त्या वाक्याचा, अर्धा भाग होता. खऱ्या शोधकाचं नाव गाळलं तर पुढे अर्जाला धोकाही होतो. मी म्हणालो, शोधक दोघं.

"माह्यं नाव काहून?" वहिनी म्हणाल्या. दादांनी मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिही. आधी तिचं लिही."

अर्ज

विदर्भासाठी पेटंट कार्यालय मुंबईचं, पण अर्ज घरबसल्या ऑनलाइन जातो. वैयक्तिक अर्जदाराला दाखल करायची फी १,६०० रुपये, पुढे तपासणीच्या मागणीची ४,०००. फीपेक्षा भाषा महाग पडते. कागद हिंदीत किंवा इंग्रजीत लागतात, मराठीत चालत नाहीत. दसऱ्याच्या आत आम्ही तात्पुरतं विनिर्देश दाखल केलं, म्हणजे शोधाचं पहिलं वर्णन. त्याने तारीख पक्की होते आणि पूर्ण विनिर्देशासाठी बारा महिने मिळतात. पण नंतर भरलेल्या नव्या गोष्टीला जुनी तारीख लागत नाही, म्हणून सळई, स्प्रिंग, झडप यांची जोडणी पहिल्याच कागदात चित्रांसह सगळी घातली.

दाव्याच्या शब्दांवर सर्वाधिक वेळ गेला. मुलीने आधी लिहिलं होतं, 'बैलांनी ओढलेला डवरा'. मग उद्या कोणी हेच पॉवर वीडरला, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या निंदणीयंत्राला, लावलं तर तो दाव्याबाहेर. म्हणून 'ओढणारं साधन' केलं. 'स्प्रिंग'चं 'पास पूर्वजागी आणणारा घटक' केलं, कारण नक्कल करणारा रबर लावेल. 'युरिया' काढून 'दाणेदार पदार्थ' घातलं. दादांना हे शब्द परके वाटले. स्वतःचा डवरा त्यांना त्यात ओळखू येईना, तेव्हा प्रत्येक शब्दासमोर यंत्रातला तो तो भाग बोटाने दाखवत बसलो.

पूर्ण विनिर्देशासाठी मी राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानलाही लिहायला सांगितलं आहे. २००० साली सुरू झालेली ही संस्था गावपातळीवरच्या शोधकांना पेटंटच्या कामात मदत करते. नक्कल करणाऱ्याचं काय, हे दादा अजून विचारतात. तो चाकाचा डवरा विकतो, आणि दिसायला वेगळा ठेवून तो विकायला आता सगळेच मोकळे आहेत.

मृग तोंडावर आला आहे. ३(एफ) च्या आक्षेपाला उत्तर देताना मोजलेले आकडे हाताशी हवेत, म्हणून या खरिपात एकाच शेतात, एकाच जोडीने डवरा दोन प्रकारे चालवायचा आहे. एका ओळीला सळई मोकळी, पुढच्या ओळीला सळई बांधलेली आणि झडप कायम उघडी. धुऱ्यावर पोतं अंथरून पडलेलं खत तोलायचं, आणि तोंड मोकळं करायला किती वेळा थांबावं लागलं ते लिहायचं. मुलीने वहीत रकाने आखून ठेवलेत. वहिनींनी ४५ किलोची युरियाची एक थैली शेडच्या कोपऱ्यात तोंड उघडं ठेवून मांडली आहे, पहिल्या पावसाच्या दमट हवेत तिच्यात गुठळ्या धराव्यात म्हणून.